उन्हामागे सरकणारी बाज

मी एक जुनी बाज आहे. या हिवाळ्यात माझ्यावर पडलेल्या एका जिवंत बाईला मेली समजून खाली घेतलं गेलं, आणि तिच्याबरोबर माझेही दिवस भरले असं घरानं ठरवून टाकलं. मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. येऊ द्या. पण त्या दिवसानंतर आमच्या घरातलं हसणं बंद पडलं, आणि त्या दिवशी खरं काय घडलं हे दोघींनाच ठाऊक होतं. एक ती म्हातारी आणि दुसरी मी. म्हातारी सांगत नव्हती आणि मला बोलता येत नव्हतं.

आता दिवाण आले, पलंगपेट्या आल्या, तेव्हा बाज म्हणजे काय हे आधी सांगायला हवं. चार पाय, लाकडाची चौकट आणि त्यावर विणलेली दोरी, एवढाच माझा संसार. रामटेकला गडाच्या पायथ्याशी आमचं घर आहे. चंपतरावांनी धानाच्या बांधावरची बाभूळ तोडली तेव्हा लोक म्हणाले, वखर करा, बैलबंडीला लावा. त्यांनी देवाजी सुताराला बोलावून बाज करायला सांगितली. त्यांची बायको प्रयागबाई पोटुशी होती आणि ऐन थंडीत तिला जमिनीवर निजवणं त्यांच्या जिवावर आलं होतं. देवाजीनं पाय बाभळीचे केले, चौकट सागाची केली. अंबाडीची दोरी चंपतरावांनी ओसरीत बसून स्वतः वळली आणि मला विणलं. त्यांचं विणकाम काही देखणं नव्हतं, एक कोपरा कायम तिरका राहिला, पण त्यांना त्याचा कोण अभिमान!

माझ्यावरची पहिली बाळंतीण प्रयागबाई. माझ्याखाली शेगडी ठेवलेली असायची, तिच्यात ओवा आणि बाळंतशेपा टाकत. धूर माझ्या दोऱ्यांतून वर जायचा आणि बाई व बाळ दोघंही शेकून निघायची. ते बाळ म्हणजे सुधाकर. पुढे सुधाकरचं लग्न झालं, वंदना सून होऊन आली आणि तिच्यावरही बाळंतपणाची वेळ आली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण वंदनाला आई नव्हती. तिला माझ्यावरच निजवलं. तोही हिवाळाच होता. प्रयागबाईंची जीभ म्हणजे कारल्याचा वेल. त्या सुनेला एक गोड शब्द बोलल्याचं मला आठवत नाही. पण वाकून वाकून शेगडीवर फुंकर मारताना त्यांच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागलेल्या मी पाहिल्या आहेत. तोंडानं मात्र चालूच, की लाकडं ओली आणतात, कुणाला काही कळत नाही, आणि तू काय बघतेस, झोप. शेगडी त्यांनी एकदाही विझू दिली नाही.

माझे कौतुकाचे दिवस पुष्कळ झाले. पाहुणा आला की मी अंगणात, गुरुजी आले की माझ्यावर सतरंजी, आंबा झडायच्या दिवसांत माझ्यावर मुलांची भांडणं. चंपतराव गेले. सुधाकरला मौद्याच्या वीजकेंद्रात काम लागलं, घरावर स्लॅब चढला आणि आत दिवाण आला. मग मला भिंतीला टेकवून ठेवलं. उन्हाळ्यात माझ्यावर कुरड्या आणि मिरच्या वाळायच्या. अंबाडीची दोरी कुजली. तिरका कोपरा तुटला तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. बाजेच्या नशिबी याहून वेगळं काय असणार!

मग दिवाळीच्या तोंडावर प्रयागबाई न्हाणीत घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नागपूरला ऑपरेशन झालं, आत सळई बसवली आणि घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावलं की यांना रोज उन्हात ठेवायचं, हळूहळू वॉकर धरून चालवायचं. आता दिवाण काही अंगणात निघेना. कुणाला तरी माझी आठवण झाली. सुधाकरनं बाजारातून हिरवी नायलॉनची दोरी आणली आणि रविवारी बसून मला घट्ट विणलं. प्रयागबाईंनी पहिल्याच दिवशी ती दोरी बोटानं वाजवून पाहिली आणि म्हणाल्या की ही दोरी नाही, ही तर तार आहे. पण मी मनातून सुखावले. म्हातारपणी पुन्हा कुणाच्या तरी पाठीखाली येणं ही काही लहान गोष्ट नाही.

मित्रांनो, आमच्याकडचा हिवाळ्यातला साधा दिवस कसा असतो ते तुम्हाला कसं सांगू! सकाळी अंगणात बंब पेटलेला असतो. धुरातून ऊन खाली उतरतं तेव्हा ते डोळ्यांना दिसतं. वंदना मला फाटकापाशी टाकायची, त्यावर वाकळ, वाकळीवर प्रयागबाई. मग तिळाचं तेल कोमट करून त्यांचे पाय चोळायची. तेल जिरेपर्यंत प्रयागबाई संत्रं सोलत. फोडीचा दोरा न् दोरा काढून फोड तोंडात आणि साल गडावरून उतरलेल्या वानरांकडे. वानरं भिंतीवर पाठ उन्हाला देऊन बसायची, अगदी कचेरीतल्या बाबूंसारखी. शेजारच्या घरी वांगं भाजल्याचा वास यायचा. दुपारी सोलेभात व्हायचा, तुरीच्या हिरव्या दाण्यांचा. माझ्यावरच ताट यायचं आणि भाताची वाफ प्रयागबाईंच्या चष्म्यावर चढायची. त्या चष्मा न पुसताच जेवायच्या.

या सगळ्या सुखात एकच काम होतं. ऊन एका जागी थांबत नाही. फाटकापाशी आलेलं ऊन तुळशीपाशी जातं, तुळशीपासून पेरूखाली. ते सरकलं की मलाही सरकवावं लागे. प्रयागबाई त्यात डोळ्यात तेल घालून असत. सावली पायाच्या बोटाला लागली रे लागली की त्यांची हाक उठायची, "सरकव वं, ऊन गेलं!" वंदना हातातलं टाकून यायची, माझी उशाकडची बाजू उचलून मला ओढायची. पोळी करपायची, नळाची बादली वाहून जायची, फोनवर बोलणारी भूमिका, म्हणजे तिची नागपूरला शिकणारी मुलगी, तशीच लटकून राहायची. दिवाळीपासून वंदनाचा सगळा दिवस असा उन्हाच्या तालावर चालला होता. ती कधी चिडली नाही. पण हसलीही नाही. पूर्वी ही बाई कशी खळखळून हसायची ते मी ऐकलेलं आहे, म्हणून सांगते.

आमच्या मावळतीला रंभाबाईंचं घर. त्यांनी दुसरा मजला चढवल्यापासून दुपार कलली की आमचं अर्धं अंगण सावलीत जातं. त्यांच्या पलीकडच्या अंगणात मात्र दिवस बुडेपर्यंत ऊन असतं. त्या दिवशी रंभाबाईंच्या शेतातून तुरीच्या शेंगा आल्या होत्या. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मीठ घालून त्या उकडायला ठेवल्या होत्या आणि रंभाबाई फाटकावर येऊन वंदनाला बोलावून गेल्या. वंदना नाहीच म्हणत होती. प्रयागबाईंनीच तिला फटकारलं की जा, दोन शेंगा खाऊन ये, मला काय कोल्हा नेतो! वंदनानं मला पेरूखालच्या उन्हात सरकवलं, प्रयागबाईंच्या अंगावर शाल घातली आणि ती गेली. ऊन गेलं की सासूबाईंची हाक येणारच, दोन घरांमधल्या बोळातून ती तिथवर सहज ऐकू येते, हा तिचा हिशोब. हिशोबात चूक नव्हती. रोजचा अनुभव तसाच होता.

बोळातून आधी बायकांचं बोलणं आलं. मग समोरच्या पुष्पलताबाई कुणाची तरी नक्कल करू लागल्या. आणि मग वंदनाचं हसू आलं. तेच जुनं, खळखळणारं, मध्येच श्वास अडकून पुन्हा सुटणारं हसू. प्रयागबाई माझ्यावर कुशीला वळल्या होत्या. त्यांचा हात शालीतून बाहेर आला आणि माझ्या चौकटीवर थांबला. त्या ऐकत होत्या.

सावली त्यांच्या पायाच्या बोटाला लागली. मला वाटलं, आता हाक येणार. हाक आली नाही. सावली गुडघ्यापर्यंत आली, छातीपर्यंत आली. प्रयागबाईंनी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी बोळातून पुन्हा हसू आलं. त्यांनी तोंड मिटलं. शाल कानावरून घेतली आणि पाय पोटाशी ओढले. उत्तरेचा वारा सुटला. माझी दोरी थंड पडत चालली होती, त्यांच्या पाठीला ती डसत असणार. मी जुन्या दोरीची असते तर निदान करकरले तरी असते, ढिल्या बाजेचा आवाज गल्लीभर जातो. पण सुधाकरनं मला घट्ट विणलेलं. मी गप्प, त्या गप्प. हळूहळू त्यांचा माझ्या चौकटीवरचा हात सैल झाला. मला तेव्हा भीती वाटली. 

वंदना आली ती पदरात शेंगा घेऊन. सासूबाईंसाठी गरम गरम राखून आणल्या होत्या तिनं. अंगण पूर्ण सावलीत पाहून ती थबकली. मग धावली. हाका मारल्या, हात हातात घेतला, तो बर्फाचा गोळा. शेंगा माझ्यावर आणि जमिनीवर सांडल्या. तिच्या किंकाळीनं रंभाबाई आल्या, त्यांची सून चारुशीला आली, पुष्पलताबाई आल्या. रंभाबाईंनी प्रयागबाईंचं कपाळ पाहिलं, नाकापाशी हात धरला. म्हाताऱ्या डोळ्यांना आणि थरथरत्या हाताला काही कळलं नाही. त्या म्हणाल्या, "अवं, खाली घ्या तिले. बाजेवर जीव नोको जाऊ देऊ."

मित्रांनो, आमच्याकडे माणसाचा जीव बाजेवर जाऊ देत नाहीत, त्याला जमिनीवर घेतात. रीत जुनी आहे, मी तिला नाव ठेवत नाही. पण हिवाळ्यातल्या संध्याकाळी आधीच गारठलेल्या बाईला उचलून त्यांनी ओसरीच्या उघड्या फरशीवर ठेवलं. कुणी तुळशीचं पान आणलं, कुणी देवघरातली गंगाजळी फोडली. ते गार पाणी घशात गेलं मात्र, आणि प्रयागबाईंना असा ठसका लागला की चारुशीलानं हातातलं भांडंच टाकलं. ठसका थांबल्यावर त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "कोन मेलं वं?" त्यांनी विचारलं. "अन् मले फरशीवर काहून टाकलं?"

त्या वाचल्या. पण छातीत कफ भरला. सुया झाल्या, वाफारे झाले, पुष्कळ दिवस खोकल्यात गेले. रंभाबाई तोंड लपवू लागल्या. आपण घाई केली हे त्यांच्या मनाला खात होतं. आमच्या फाटकाच्या आत पाऊल टाकायची त्यांना लाज वाटे, कधी शेंगा, कधी संत्री फाटकावरच ठेवून जायच्या. मात्र त्या संध्याकाळी घरी जाण्याआधी त्यांनी वंदनाला एक सांगून ठेवलं होतं की जिच्यावरून माणूस खाली घेतलं ती बाज पुन्हा घरात वापरू नये. वंदनानं मला उचललं, मागच्या आवारात न्हाणीच्या भिंतीला लागून नेलं आणि पालथं टाकलं. चारही पाय आभाळाकडे. बाजेला असं ठेवतात ते मेलेल्याच्या घरी.

मला माझं दुःख नव्हतं, खरंच सांगते. मला दुःख होतं ते न्हाणीच्या वरच्या झरोक्यातून ऐकू यायचं त्याचं. न्हाणीला लागूनच आतली खोली आहे. तिथल्या दिवाणावर प्रयागबाईंना ठेवलं होतं. खिडकी बंद, पडदा ओढलेला, हीटर लावलेला, अंगावर दोन ब्लँकेट. बाहेर सोन्यासारखं ऊन, वानरं भिंतीवर पाठ शेकत बसलेली, आणि उन्हाची बाई आत अंधारात. वंदना दर थोड्या वेळानं विचारायची, थंडी वाजते का. प्रयागबाई म्हणायच्या, जीव घाबरून राहिला. तरी वंदना त्यांना बाहेर काढेना. डॉक्टरांनी आता उन्हात न्या, चालवा म्हणून दोनदा सांगितलं, तिनं मान हलवली आणि वॉकर घडी घालून कपाटामागे ठेवून दिला. पुन्हा विसर पडला तर? या एका भीतीपायी तिनं ऊनच बंद करून टाकलं.

आणि स्वतःचंही बंद केलं. बंबाजवळ बसणं नाही, शेजारी जाणं नाही. रंभाबाईंनी ठेवलेल्या शेंगा ती तशाच कामवालीला देऊन टाकी. एकदा सुधाकरनं तिच्या हातावर संत्र्याची फोड ठेवली, तिनं ती परत त्याच्या हातात दिली. रोज सकाळी ती मागच्या दगडावर कपडे धुवायला यायची, तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसायची. तुम्हीच सांगा, मी काय करावं? "अगं, तिनं हाक मारलीच नाही, मुद्दाम मारली नाही," एवढं एक वाक्य माझ्याजवळ होतं. ते बोलता आलं असतं तर तिच्या छातीवरचा दगड हलला असता. मी चार पाय वर करून पडले होते आणि तो दगड रोज वाढताना पाहत होते.

आणि प्रयागबाई का बोलत नव्हत्या? मी पुष्कळ विचार केला. एक तर मायेचं बोलणं त्यांच्या जिभेला कधी जमलंच नाही. दुसरं, त्यांना वाटत होतं की हे कोंडून ठेवणं डॉक्टरांचं आहे. सून स्वतःला कशी सोलून काढते आहे हे त्यांना कुठे माहीत होतं!

ते त्यांना कळलं एका रविवारी. सुधाकर घरी होता. मागच्या दगडाशी येऊन त्यानं वंदनाला जरा वैतागूनच विचारलं की माय आत गुदमरते आहे, तू तिला उन्हात का नेत नाहीस. वंदना कपडे पिळत होती. पिळता पिळता थांबली. तिनं त्या दिवसापासून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"याच बाजेवर मी बाळंतीण होती," ती म्हणाली. "मले माय नोती. बाईनं माह्याखालची शेगडी एक दिवस विझू नाई देली. अन् मी? मी शेंगा खात बसली, दात काढत बसली, अन् त्यायले थंडीत मारून टाकलं असतं. बोलावून राहिल्या असतीन मले. मलेच आयकू नाई आलं."

 सुधाकर पुरुषमाणूस, तो कपड्याचं एक टोक धरून पिळू लागला. वर झरोका उघडा होता. आत दिवाण करकरला.

दुसऱ्या दिवशी सुधाकर मौद्याला गेला आणि वंदना दळण घेऊन चक्कीवर गेली. थोड्या वेळानं मला मागच्या दाराशी टक टक ऐकू आली. दार उघडलं. वॉकर पुढे आणि त्यामागे प्रयागबाई! एक पाऊल टाकायचं, धापा टाकायच्या, चंपतरावांच्या नावानं काहीतरी पुटपुटायचं, मग दुसरं पाऊल. कमरेला संत्रं खोचलेलं. त्या माझ्यापर्यंत आल्या. मला पालथी पाहून त्यांनी हळूच एक शिवी हासडली, ती कुणाला हे मी विचारलं नाही. मग वॉकर सोडून माझे दोन उभे पाय दोन्ही हातांनी धरले आणि त्या कशा खाली बसल्या ते एका रामालाच ठाऊक. माझ्या चौकटीच्या आत, हिरव्या दोरीवर, चार पायांच्या मधोमध त्या बसल्या, जशी काही तळ्यातल्या डोंग्यात बसलेली बाई. मागच्या भिंतीवरून ऊन सरळ त्यांच्या तोंडावर येत होतं. त्यांनी डोळे मिटले. पुष्कळ वेळानं त्यांच्या अंगात ऊब शिरलेली मला कळली. मग संत्रं सोललं आणि साल भिंतीवरच्या वानराकडे फेकली. ती त्यांच्या पायाशीच पडली. वानरानं हळहळून पाहिलं.

वंदना आली. दिवाणावर कुणी नाही, मागचं दार सताड उघडं, आणि पालथ्या बाजेत डोळे मिटलेली म्हातारी. पिठाचा डबा तिच्या हातून सुटला. पांढरं पीठ सगळ्या आवारात पसरलं.

"बोंबलू नोको," प्रयागबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "जित्ती हावो मी. बस इथं."

वंदना त्या पिठातच बसली.  प्रयागबाईंनी संत्र्याच्या फोडीचा दोरा काढायला घेतला. बोलायला जड जात असलं की त्यांच्या हाताला काहीतरी चाळा लागतो.

"मी जागीच होती वं त्या दिवशी," त्या म्हणाल्या. "ऊन गेलं तवाच समजलं मले."

"मंग आवाज काहून नाई देला, बाई?"

"तू हासून राहिली होती." त्यांनी दोरा काढून बाजूला टाकला. "दिवाळीपासून तुले हासताना आयकलं नोतं. आवाज देला असता त तू धावत आली असती. म्हटलं, हासू दे पोरीले थोडं. थंडी काय, रोजचीच हाये."

मित्रांनो, किती दिवस मी या वाक्याची वाट पाहत होते! मला वाटलं होतं, हे ऐकलं की वंदना मोकळी होईल, उठेल, डोळे पुसेल. तसं झालं नाही. ती माझा एक पाय कवटाळून ढसढसा रडली. आपल्या हसण्यासाठी कुणीतरी गारठत पडलं होतं, हे कळणं काही हलकं नसतं. आणि तिच्याकडे पाहता पाहता प्रयागबाईंचाही चेहरा पडला. आपल्या गप्प राहण्यानं सुनेचं हसू वाढवायला गेलो आणि होतं तेवढंही घालवून बसलो, हे त्यांना त्या क्षणी दिसलं. त्यांनी ती फोड वंदनाच्या तोंडाशी धरली. वंदनानं मान फिरवली. त्यांनी हात मागे घेतला नाही. रस मनगटावरून ओघळत होता, तरी घेतला नाही. शेवटी वंदनानं तोंड उघडलं.

रडण्याच्या आवाजानं बोळातून रंभाबाई, चारुशीला आणि पुष्पलताबाई धावत आल्या. प्रयागबाईंना पालथ्या बाजेत बसलेलं पाहून रंभाबाईंनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या की ही बाज अशुभ आहे, हिच्यावर बसू नका. प्रयागबाईंना हेच हवं होतं. मेली असती तर बाजेला सुतक, मी मेलीच नाही तर बाजेनं काय पाप केलं, असा त्यांचा रोकडा सवाल होता.  रंभाबाई खाली मान घालून पुटपुटल्या की माझंच चुकलं. प्रयागबाईंनी त्यांना रागावलं नाही. त्यांनी विचारलं की गंजात शेंगा उकडल्या आहेत का. उकडल्या होत्या.

मग चौघींनी मिळून प्रयागबाईंना धरून उभं केलं. मला सरळ केलं. किती दिवसांनी माझे पाय मातीला लागले! वाकळ आली, वाकळीवर प्रयागबाई आल्या, आणि त्यांनी हुकूम सोडला. "चौघीनं उचलायची हौस होती ना तुमाले? घ्या, उचला. पन मसनघाटाकडं नाई, रंभीच्या अंगणात."

बोळ अरुंद, तिथून बाज जात नाही. रस्त्यानं जावं लागलं. उशाकडे वंदना आणि रंभाबाई, पायथ्याकडे चारुशीला आणि पुष्पलताबाई. भरदुपारी चार बायका खांद्याला खांदा लावून बाज नेत आहेत आणि वर म्हातारी आडवी, हे पाहून समोरून येणारा एक सायकलवाला खाली उतरला, सायकल बाजूला घेतली आणि त्यानं डोळे मिटून हात जोडले.

प्रयागबाई कोपरावर उठल्या. "हात काहून जोडून राहिला गा?" त्या म्हणाल्या. "मी शेंगा खायले चालली."

तो बिचारा सायकलीसकट नालीत जाता जाता राहिला. पुष्पलताबाईंचा हात सुटला, मी एका बाजूला कलले, आणि माझ्या उशाकडून हसू फुटलं. आधी हुंदक्यासारखं, मग खळखळून. वंदना रडतच हसत होती. ओझ्यानं तिची मान वाकली होती आणि नाकावर पिठाचा पांढरा डाग होता.

तेव्हापासून रोज दुपारी मी रंभाबाईंच्या अंगणात असते. प्रयागबाई शेंगा सोलतात, दाणे स्वतः खातात आणि सालं माझ्या दोरीत खोचून ठेवतात. वंदना त्यांच्या पायाशी बसते. तिचं हसू परत आलं आहे, पण पूर्वीसारखं बिनघोर नाही. हसता हसता मध्येच तिची नजर जमिनीवर जाते, सावली कुठवर आली ते पाहून येते, आणि मगच ती पुढचं हसते. प्रयागबाईंना ते दिसतं. म्हणून हल्ली त्या सावली हातभर लांब असतानाच ओरडतात, "सरकव वं, ऊन गेलं!" गेलेलं नसतं. तरी वंदना उठते आणि मला सरकवते.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी उन्हाची वाट पाहत असेल. त्यांची बाज उन्हात टाका, ऊन हललं की बाज हलवा. माणूस आहात, एखाद्या दिवशी विसराल. विसरलात तर त्यांच्याशेजारी बसून पोटभर रडून घ्या. पण खिडकी लावून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी बाज पुन्हा बाहेर काढा.